मऊ धारेचा शॉवर

वडगावात आमच्या शेजारी राहणारे अण्णा आयुष्यभर कापडाचा माग चालवत आलेले. भाजीची पिशवीसुद्धा दोन बोटांत चोळून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. त्यांच्या बायकोचे, आक्कांचे, गुडघे गेले, तेव्हा बसून आंघोळ करता येईल असा हातात धरायचा शॉवर घ्यायचं ठरलं. अण्णा दुकानात धार तळहातावर घ्यायचे आणि म्हणायचे, "ही लई टोचतीया. दुसरीकडं बघूया." आक्कांना बादलीशी वाकणं जमेना, म्हणून त्या निपाणीला लेकीकडे गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी कुठे अण्णांना मनासारखा शॉवर मिळाला. तो बसवून त्यांनी माझ्यासमोरच आक्कांना स्पीकरवर फोन लावला, "आता ये गं."

"न्हाय हो, हितंच सवय झालीया आता."

फोन ठेवून अण्णा मला म्हणाले, "चांगला मिळंपर्यंत ती थांबंल, असंच धरून चाललो बघ मी."