इंद्रभानची दमणी

अडाण नदीच्या काठावर, जुन्या हेमाडपंती देवळाच्या वाटेवर, उतारूंसाठी पहिलं हाटील काढलं ते आमच्या गावच्या इंद्रभाननं. हे तो दिवसातून कितीदा तरी ऐकवायचा, म्हणून मीही आधीच सांगून टाकतो. नदीकडे तोंड केलेली ओसरी, स्वच्छ खोल्या, बाजांवर धुतलेल्या गोधड्या. बाशीमच्या मोटारीनं नाक्यावर उतरलेल्या पाहुण्यांना तो स्वतःच्या दमणीतून, म्हणजे छपराच्या बैलगाडीतून, आणायचा, देऊळ आणि त्यामागची दगडी बारव दाखवायचा. गडी हौशी होता. खोड एकच, दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला पाहवत नसे.

मग त्याच रस्त्यावर, त्याच्या हाटलाच्या थोडं अलीकडे, प्रयागबाई नावाच्या विधवेनं आपल्या घरात उतारूंची सोय केली. तिच्याकडे ना ओसरी, ना नदीचा वारा. तरी लोक तिथंच उतरू लागले. इंद्रभानच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईकडे असं आहे तरी काय, हे कळल्याशिवाय त्याला घास गोड लागेना. आत जाऊन पाहायची मात्र लाज. म्हणून नाक्यावरून परतताना तो रोज तिच्या दारासमोर दमणी थांबवायचा, चाकाची खीळ ठोकल्यासारखं करायचा आणि मान वाकडी करून तिच्या अंगणातले उतारूंचे जोडे पाहायचा.

प्रयागबाई काही दूधखुळी नव्हती. "भाऊजी, चाक लई तरास देऊन राह्यलं वाटते तुमाले," असं म्हणून ती बैलांपुढे थोडी सरकीची ढेप टाकायची आणि आत निघून जायची. घरी येऊन इंद्रभान तिला शिव्या घालायचा.

"आपलं घर सोडून तिच्या दारातले जोडे कायले पाहून राह्यले तुमी?" त्याची बायको तुळसाबाई एकदा भडकली. "या हंगामात एक तरी बडं कुटुंब आपल्याकडं राह्यलं पाह्यजे. नाहीतर कुलूप लावा हाटलाले. मी माह्या भावाच्या वावरात निंदायले जाईन."

नशिबानं अमरावतीच्या एका वकिलांचा निरोप आला. देऊळ पाहायला सहकुटुंब येणार, मुक्काम इंद्रभानकडेच. त्यानं ओसरी सारवून घेतली, नवा सदरा घातला, बैलांच्या शिंगांना तेल लावलं. नाक्यावरून येताना सारी वाट तो आपल्या हाटलाचं कौतुक सांगत होता. मग हळूच म्हणाला, "मधात एका बाईचं घर लागते. तिथं कोनी चांगला मानूस उतरत नाही."

ते घर आलं आणि दमणी थांबली. त्यानं कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, पराणी टोचली. बैल हलेनात. रोज इथं थांबायचं, हे त्यांना त्यानंच तर शिकवलं होतं.

"तुमचे बैल तर आम्हाला इथंच उतरा म्हणतात," वकील हसले. मुलं उड्या मारून खाली उतरलीसुद्धा. "बाई, जागा आहे का?"

"हाये ना," प्रयागबाई म्हणाली. "भाऊजी, तेवढं सामान आत आनून देता काय?"

तुळसाबाई आपल्या ओसरीच्या टोकावरून हे सगळं पाहत होती. ती खाली उतरली आणि दाराला कुलूप लावू लागली.

ज्या घरात डोकावायला इंद्रभाननं इतके दिवस जीव टाकला, त्या घरात तो पहिल्यांदा शिरला तो वकिलांची ट्रंक डोक्यावर घेऊन. आत एक चूल होती, दोन-तीन बाजा होत्या, आणि बाकी पाहण्यासारखं काहीच नव्हतं.