घोडेस्वार मेला की जगला

“ज्याचं कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते सरळ काढून टाकावं,” असं ती एकदा म्हणाली होती. ते वाक्य पुढे तिच्याच मानगुटीवर बसलं.

दिवसा ती वजनमापांची तपासनीस होती. खांद्याला चामडी पेटी, पेटीत मखमलीच्या खोबणीत बसवलेली पितळी वजनं. ती गल्लीत शिरली की दुकानदार घाईघाईने पारडी पुसायला लागत. ‘मापवाल्या बाई’ एवढंच तिचं बाजारातलं नाव. चेहरा असा, की ती हसली तरी समोरच्याला आपलं काय चुकलं ते आठवू लागावं.

संध्याकाळी घरी दुसरं काम. संगणकावरचा डावपेचांचा एक खेळ होता. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर किल्ले, तिरंदाज, घोडेस्वार. जगभरच्या हौशी माणसांनी तो मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला. पण लिहिलेला खेळ म्हणजे नुसतं ताग्यातलं कापड. एखाद्या संगणकप्रणालीवर तो नीट बसावा, एका बटणावर चालू व्हावा, म्हणून कुणीतरी तो बेतून, शिवून, गाठोडं बांधून द्यावा लागतो. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. एका मुक्त प्रणालीसाठी हे पॅकेज ती नऊ वर्षं बांधत होती. घरात कुणाला ते समजावून सांगायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. “तू खेळ बनवतेस का?” “नाही.” “खेळतेस?” “नाही.” “मग करतेस तरी काय?” इथे बोलणं संपायचं.

खेळायचे ते बाबा. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेली, त्यामुळे जग वरून बघायची सवय. नकाशा त्यांना पहिल्याच दिवशी कळला. आई गेल्यावर त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. उरलं होतं ते रोज चार ते सहा, पलीकडच्या इमारतीतल्या भूगोलाच्या निवृत्त मास्तरांशी. मास्तरांचे गुडघे गेलेले, बाबांना दम लागायचा, मधे दोघांचे मिळून पाच जिने. म्हणून डाव संगणकावर आणि भांडण फोनवर. दिवसभराचं सगळं बोलणं बाबा त्या दोन तासांत उरकून घेत.

प्रणालीच्या नव्या आवृत्तीचं दार शुक्रवारी बंद होणार होतं. त्यानंतर जे पॅकेज बिघडलेलं असेल ते वगळलं जाणार. रविवारी तिने बांधणीची फाईल साफ करायला घेतली. खेळ कसा बांधायचा याच्या सूचना, ओळीखाली ओळ. त्यातल्या एका ओळीपुढे कारण लिहिलेलं नव्हतं. तिने ती उडवली. पॅकेज बिनतक्रार बांधलं गेलं. नेहमीप्रमाणे तिने ते आधी बाबांच्या आणि मास्तरांच्या संगणकावर घातलं. तिच्या पॅकेजची पहिली गिऱ्हाइकं ते दोघंच.

मंगळवारी ती दारात चपला काढत होती तेव्हा आतून आवाज आला.

“मेला नाही म्हणतो ना! माझ्यासमोर उभा आहे, घोड्यासकट!”

“माझ्याकडे तिथे गवत दिसतंय, क्रेनवाले,” फोनमधून मास्तर म्हणाले. “नुसतं गवत!”

“या वयात लबाडी, मास्तर?”

“मी लबाड? मेलेला माणूस तुम्ही पुढे सरकवताय!”

फोन आदळला. बुधवारी चार वाजले तरी बाबांनी संगणक उघडला नाही. भिंतीकडे बघत बसले. ते दोन तास खोलीत कुणी न उचललेल्या ताटासारखे पडून राहिले.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही संगणक तपासले. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ठणठणीत. शेवटी घोळ सापडला. या खेळात चाल तेवढी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, लढाईचा निकाल मात्र प्रत्येक संगणक आपल्या घरी काढतो. बाबांचा संगणक जुना. तो अपूर्णांकाची शेपटी लांब धरून ठेवायचा आणि मग तोडायचा. मास्तरांचा नवा, तो लगेच तोडायचा. एरवी काही बिघडत नसे. पण एखाद्या वेळी शेवटच्या आकड्यावरून घोडेस्वार इकडे जगायचा आणि तिकडे मरायचा. दोन तराजू, दोन्ही आपापल्या परीने खरे, आणि माल एकच. बाजारात असं काही दिसलं असतं तर तिने तिथल्या तिथे दुकान बंद केलं असतं.

तिने उडवलेली ओळ नेमकी याच्यासाठी होती. जुन्या संगणकालाही नव्यासारखंच तोडायला लावायची. ती ओळ कुठल्या शहाण्याने कारण न देता लिहिली हे बघायला तिने जुन्या नोंदी उघडल्या. सहा वर्षांपूर्वीची नोंद, तिच्याच नावाची. कारण: ‘किरकोळ दुरुस्ती.’

याच दोन शब्दांवरून तिने किती अनोळखी माणसांचं काम परत पाठवलं होतं. ‘किरकोळ म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांगा,’ असं एकाला लिहिलंही होतं.

गुरुवारी ओळ परत गेली, खाली अकरा ओळींचं कारण घेऊन. पॅकेज आवृत्तीत बसलं. तेवढ्याने भागलं असतं तर काय हवं होतं!

“बाबा, मास्तरकाकांनी लबाडी केलेली नाही. चूक माझी आहे.”

“तू त्याची बाजू घेऊ नकोस.”

“बाजू नाही हो. मी एक ओळ काढली आणि—”

“ओळ काढल्याने माणूस मरत नाही.”

तिने मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, “बापाला पाठीशी घालतेस. गुणाची पोर आहेस,” आणि फोन ठेवला.

तिचं डोकं उठलं. नऊ वर्षं ती देईल ते या दोघांनी डोळे मिटून संगणकावर घेतलं होतं. आता पहिल्यांदा चूक कबूल करतेय, तर नेमका तेवढ्यावरच कुणाचा विश्वास नाही.

शनिवारी सकाळी ती बाजारात जायला पेटी भरत होती, तेव्हा बेल वाजली. दारात मास्तर. घामाघूम, एक हात कठड्यावर, काखेत संगणक.

“पुरावा आणलाय,” ते धापा टाकत म्हणाले.

बाबा खुर्चीतून उठले. आठवड्यात पहिल्यांदा शर्टाची वरची गुंडी लावली आणि टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला सारली. दोन्ही संगणक शेजारी शेजारी ठेवले गेले. मंगळवारचा डाव. एका पडद्यावर घोडेस्वार, दुसऱ्यावर त्याच घरात गवत. दोघंही वाकून आळीपाळीने दोन्ही पडदे बघू लागले. तेवढ्या वेळात तिने सगळं पुन्हा सांगितलं, न थांबता.

“म्हणजे मी खरं बोलत होतो,” बाबा म्हणाले.

“हो.”

“आणि मीपण?” मास्तर.

“तुम्हीपण.”

“मग खोटं कोण?”

“मी,” ती म्हणाली.

दोघांचे चेहरे उजळले.

“सहा वर्षांपूर्वी कारण लिहायला काय झालं होतं?” मास्तरांनी वर्गातला आवाज काढला.

“विचारा, विचारा,” बाबा म्हणाले. “लोकांची मापं धरत गावभर हिंडते. पाच जिने चढउतार करायला लावले बिचाऱ्याला. बसा हो मास्तर, टेका.”

मास्तर टेकले. बाबांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “मग आता हाच डाव पुढे न्यायचा ना? माझा घोडेस्वार जिवंत आहे, तिथून.”

“जिवंत? मेलाय तो! माझा संगणक नवा आहे.”

“नवा आहे म्हणून घाई करतो. ऐकलं नाहीत? लगेच तोडतो म्हणाली ती.”

“क्रेनवाले, शेपटी धरून बसणारा तुमचा आहे!”

“थांबा, तिलाच विचारू. अगं, तपासनीस ना तू? सांग एकदाचं. मेला की जगला?”

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. तिने पेटीचं झाकण लावलं, पट्टा खांद्यावर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि ती दार ओढून बाहेर पडली.