कोकमाच्या पाकावरची व्होडका

धाकटा भाऊ पोलंडहून सुट्टीवर आला, तेव्हा काळाचौकीच्या आमच्या खोलीत त्याने पाहुण्यांना तिकडचा शॉट पाजला. छोट्या ग्लासात तळाशी तिकडच्या रास्पबेरीऐवजी कोकमाचा दाट पाक, त्यावर उलट्या चमच्यावरून हळूहळू सोडलेली व्होडका, शेवटी तिखट सॉसचे चार थेंब. थर अगदी वेगळे राहिले.

“पाक जड असतो, म्हणून...” मी समजावू लागलो. घरातला पहिला ग्रॅज्युएट मीच ना!

“तू गप रे, त्याला करू दे,” बाबा म्हणाले. तिकडे वेल्डर असलेल्या त्या दहावी नापास लेकाकडे ते डोळे भरून बघत होते. माझ्या पदवीचं कौतुक पेढ्यांपुरतंच झालं होतं.

पुढचा ग्लास मी हट्टाने भरला. थर मिसळून सगळं गुलाबी झालं.

“दादा, चमचा काचेला टेकव,” भाऊ मायेने म्हणाला.

त्याने फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं. निदान त्याचा राग तरी करता आला असता.