मामांनी टाकून दिलेलं चित्र

सिनेमातलं चित्र ही आवाजाला चिकटलेली फुकटची पीडा आहे, असं मानणारा माणूस उभ्या जगात एकच असणार. तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. मामा कुरुंदवाडचे. घरची शेती आणि दुधाचा टेम्पो. रोज कोल्हापूरला दूध घालायला यायचे, आणि "गाडी चालवताना बघता येत न्हाय, ऐकता येतंय" हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यापायी त्यांनी तिथल्या शाहूपुरीतून एक जुना कॉम्प्युटर उचलला आणि पन्नाशी उलटल्यावर डीव्हीडीतला आवाज तेवढा काढून त्याची एमपीथ्री करायला शिकले. अख्खे सिनेमे ते टेम्पोत नुसते ऐकायचे. एकदा मी शेजारी बसलो होतो. हाणामारी सुरू झाली, पण कोण कुणाला मारतंय काही कळेना. विचारलं तर मामा शांतपणे म्हणाले, "ज्याला लागतंय त्यो वरडतोय की."

पुढं पुढं त्यांना कुणाच्याही घरात डीव्हीडी दिसली की राहवेनासं झालं. पुतणीच्या लग्नाची डीव्हीडी "बघून देतो" म्हणून नेली आणि परत केली ती मंगलाष्टकं आणि पंगतीचा गोंगाट भरलेली सीडी. पुतणी रडली. मामांना तिच्या रडण्याचं कारणच समजेना. त्यांचा हिशेब साधा होता, उसाचा रस काढला की चिपाड कोण सांभाळून ठेवतं?

हे सगळं ठाऊक असूनही आईनं, मला न विचारता, तात्यांच्या एकसष्टीची डीव्हीडी त्यांच्या हातात दिली. तात्या म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्यांचं हलतं-चालतं असं चित्र आमच्याकडे तेवढंच होतं. फोटोवाल्यानं मूळ कॅसेट पुसून केव्हाच दुसऱ्या कुणाच्या बारशाला वापरली होती. आठ-पंधरा दिवसांनी मामा सीडी घेऊन आले.

"डीव्हीडी कुठंय?" मी विचारलं.

"शाळवात."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. शाळूच्या कणसांवर पाखरं बसू नयेत म्हणून त्यांनी रानात दोऱ्या ताणून त्यांच्या मते रिकाम्या झालेल्या सगळ्या डीव्हीड्या टांगल्या होत्या. मी तसाच मामांना घेऊन टेम्पोतून कुरुंदवाडला गेलो. वाऱ्यावर वीसेक तबकड्या एकमेकींवर आपटत उन्हात चमकत होत्या. दवानं नावं धुऊन गेलेली. त्यांतले माझे तात्या कोणते, हे ओळखायची काही सोय नव्हती. सगळ्या काढून त्याच टेम्पोतून घरी आणल्या, एकेक लावून पाहिली, पण चरे पडून एकही चालली नाही.

मी मामांना नको नको ते बोललो. मामा म्हणाले, "पावणं, तात्या दिसायचं कसं, ते फोटूत हाय. आवाज कुठल्या फोटूत हाय?" मी त्यांना दार दाखवलं.

सीडी आईनंच लावली. डीव्हीडी बघताना आम्ही आपापले चेहरे शोधत पुढं पळवायचो. आवाजात शोधायला काहीच नव्हतं, म्हणून आई तासभर सगळं ऐकत बसली. भांड्यांच्या खणखणाटात एका जागी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, तात्यांचा दबका आवाज आला, "हिला बसवा रे आधी. सकाळधरनं उभी हाय." तेव्हा पडद्यावर बहुधा हारतुरे दिसत असावेत. आमच्यापैकी कुणीच ते कधी ऐकलं नव्हतं. आईनंसुद्धा.

मामांना मी अजून पुरतं माफ केलेलं नाही. तात्या चालायचे कसे, हे माझ्या मुलीला आता कधीच दाखवता येणार नाही, आणि ते आठवलं की आतून तुटतं. पण आई रोज सकाळी स्वयंपाकघरात ती सीडी लावते. भाकरी थापता थापता ऐकते, आणि ते वाक्य आलं की हातातलं काम ठेवून पाटावर बसते.