गजराबाईच्या वावरातले दगड

दगड वेचायचं काम सुरू झालं त्या सकाळी गजराबाई आपल्या वावराच्या मधोमध एका दगडावर जाऊन बसली आणि उठेना. कामावर आलेल्या बाया रिकाम्या पाट्या घेऊन कडेला उभ्या राहिल्या. मुकादम माझ्याकडे बघायला लागला आणि मी घड्याळाकडे. दुपारपर्यंत मला आणखी दोन गावं करायची होती, आणि इथं एका म्हाताऱ्या बाईनं सरकारी काम अडवून धरलं होतं.

मी तेव्हा मृदसंधारण खात्यात पर्यवेक्षक होतो. मृदसंधारण म्हणजे पावसाच्या पाण्यानं वाहून जाणारी माती जागेवर थांबवणं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालण्याचं काम आमच्याकडे होतं. उताराला आडवे, ठरावीक अंतरावर बांध घालायचे. धावतं पाणी तिथं अडतं, त्याच्याबरोबर निघालेली माती बांधाशी बसते. बांधाला लागणारा दगड त्याच वावरातून वेचायचा. वाहतूक नाही, फोड नाही, वर वावर साफ. योजना इतकी सरळ होती की तिच्यात काही चुकू शकेल असं मला वाटलंच नाही.

जागा लोणीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. गजराबाईचं घर धर्मांतर केलेल्या बौद्ध घरांपैकी. गावातली चांगली रानं आधीच ज्याची त्याला होती. तिच्या सासऱ्याला हा उताराचा तुकडा मिळाला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. दीड-दोन एकर असेल. घरची बाजरी आणि हुलगे त्यातच पिकायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मंचरला राहायला, वावर ती एकटीच बघायची. दुसरी जमीन तिच्याकडे नव्हती.

काम सुरू होण्याआधी मी तिथं टेस्टचा खड्डा घेतला होता. वर एक वीतभर माती, तांबूस, खड्यांनी भरलेली. मग मुरूम, म्हणजे अर्धवट झिजलेला दगड, पहारीनं उकरला की त्याचा भुगा होतो. त्याखाली सरळ कातळ. आपले हे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर बसून झालेले. तो काळा दगड झिजून माती होते, पण फार सावकाश. आणि उतारावर जेवढी होते तेवढी पाणी खाली घेऊन जातं, म्हणून तिथं माती साठत नाही. फॉर्मवर आम्ही अशा जमिनीला ‘शॅलो’, म्हणजे उथळ, लिहायचो, लोक बरड म्हणतात. बरड जमिनीत पाणी लवकर मुरतं आणि लवकर संपतंही. तरी पाऊस वेळेवर पडला तर बाजरी, हुलगा, मटकी तिथं झकास येते.

मी निरगुडसरच्या बाजूचा. आमचं रान काळं. विहीर खणताना पुरुषभर खाली गेलं तरी मातीच. आमच्याकडे नांगराच्या फाळाला दगड लागला तर वडील गड्याला झापायचे. दगड ठेवणारा माणूस आळशी, हे लहानपणापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यावर शेतकी कॉलेजची डिग्री चढली, मग तर बघायलाच नको. खालची काळी माती अशाच डोंगरांवरून उतरून येते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मनावर मात्र घेतलं नव्हतं.

मी तिच्याजवळ गेलो. “मावशी, उठा आता. दगड तुमच्याच बांधाला लागणार आहेत. कुणी घरी नेत नाही.”

“नेत नाय ते कळतंय मला,” ती म्हणाली. “पन हितलं दगूड हितंच ऱ्हाऊ द्या. बांधाला वरून डोंगराचं आना.”

“का बरं?”

दोन दिवसांपूर्वी वळवाची एक सर येऊन गेली होती. वावर वरून खडखडीत वाळलेलं होतं. तिनं हाताशी असलेला एक दगड उलटा केला. खालची माती ओली होती.

“वल हितं ऱ्हाती. आन पाऊस आला का त्यो दगडावर फुटतो, मातीवर नाय. समदं दगूड काडलं तर माती उगडी पडंल, सायेब.”

पुढं तिनं पेरणीही सांगितली. कुळवाला अडेल तेवढाच दगड ती हलवायची आणि हातभर बाजूला ठेवायची. बाकीच्या दगडांमधून खुरप्यानं बी टाकायची. तिची सासू असंच करायची. मी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे तिचं बोलून होईपर्यंत थांबलो. मग पुस्तकातलं सांगितलं. मुळांना मोकळी जागा लागते, दगडाखाली बी उगवत नाही, आणि बांध झाला की मातीची काळजी आम्हाला. तिनं मान हलवली, पण उठली नाही.

शेवटी मुकादमानं तिच्या मुलाला निरोप धाडला. अशोक मंचरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. आयटीआय झालेला, नीटनेटका, बोलायला सावध. दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला जयभीम घातला, माझं म्हणणं नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले. दोन्ही प्रश्न चांगले होते आणि दोन्हीची उत्तरं मी पाठ असल्यासारखी दिली. मग तो आईसमोर जाऊन बसला.

“आई, साहेब शिकून आलेत. शिकलेल्या मानसाचं आपन नाय ऐकायचं, तर मग मला कशाला शिकवलंस?”

 गजराबाई उठली, लुगडं झटकलं आणि सावलीला जाऊन बसली. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. शिकलेल्याचा मान राखणारी माणसं आहेत, असं मी जीपमध्ये ड्रायव्हरलाही सांगितलं. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठवडाभर काम चाललं. मोठे दगड बांधाच्या तोंडाला, लहान पोटात. बायांनी हात लागेल तिथला दगड उचलला. मीच त्यांना सांगितलं होतं, एक ठेवू नका. बांध सुरेख झाले, आणि मधलं वावर अंगणासारखं स्वच्छ. मोठे साहेब पाहणीला आले आणि खूश झाले.

“याला म्हणतात काम. आधीचा आणि नंतरचा फोटो लावा फाइलला.”

“आधीचा काढायचा राहिला, साहेब.”

“मग शेजारच्या वावराचा काढा. दगडच दाखवायचेत ना?”

जुलैत बाजरी बोटभर वर आली असताना एका दुपारी तासभर वाजवून पाऊस झाला. मी तिसऱ्या दिवशी तिथं पोचलो. उघड्या मातीवर थेंब आपटून तिची वरून खपली धरली होती. खपली धरली की पाणी मुरत नाही, पळतं. ते पळालं, आणि वीतभर मातीतली निम्मीशिम्मी घेऊन पळालं. बांध जागचा हलला नव्हता. प्रत्येक बांधाशी गाळाचा ढीग होता, त्यात बाजरीची रोपं आडवी गाडली गेली होती. त्याच्या वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला होता. शेजारचं वावर दगडांनी भरलेलं, जसंच्या तसं. तिथली बाजरी उभी होती.

गजराबाई बांधाशी साचलेली माती पाटीत भरून वर नेऊन टाकत होती. मला बघून थांबली. मी काय बोलायचं ते जुळवत होतो. ती म्हणाली, “च्या घेता का?” मी नको म्हणालो, आणि निघून आलो. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ऑफिसात मी साहेबांना म्हटलं, बांधांतला निम्मा दगड परत वावरात पसरू या.

“बांध फुटला का?”

“नाही.”

“माती बांधाशी बसली?”

“बसली.”

“मग योजनेत दुसरं काय लिहिलंय? मोजमाप झालेलं आहे. दगड हलवलात तर तुमच्या जबाबदारीवर.”

मला लेखी रिपोर्ट देता आला असता. माझं प्रमोशन तोंडाशी आलं होतं. मी दिला नाही. त्याला दुसरं कारण नाही, आणि आता शोधूनही उपयोग नाही.

पुढची दोन वर्षं तिनं बांधाच्या कडेनं पट्टा-पट्टा पेरला. वरच्या मुरमात काही धरेना. तिसऱ्या वर्षी तिनं बाजरी टाकायची सोडली आणि ती अशोककडे मंचरला राहायला गेली. हे मला मुकादमाकडून कळलं. तिकडचं काम संपलं होतं, त्यामुळं मला जायचं कारण नव्हतं, आणि कारण नसल्याचं मला बरंच वाटत होतं.

दोन हजारनंतर कधीतरी पुण्याला आमचं एक ट्रेनिंग झालं. एका शास्त्रज्ञांनी स्लाइड दाखवल्या. उतारावरच्या उथळ जमिनीत वर पडलेले दगड थेंबांचा मार झेलतात, ओल धरून ठेवतात, ते सरसकट काढू नयेत. त्यांना हे समजावायला तास लागला. गजराबाईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. चहाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन उभा राहिलो, आत परत जावंसं वाटेना.

पुढच्याच आठवड्यात मंचरला अशोकचं दुकान गाठलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, असं त्यानं सांगितलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो की चूक माझी होती, तुझ्या आईचं बरोबर होतं. तो वायंडिंगची तार गुंडाळत होता, ती त्यानं खाली ठेवली.

“साहेब, तुमाला ती मोजत नव्हती. तुमी रोज येऊन सांगितलं असतं, तरी ती दगडावरून उठली नसती. माझ्या बोलन्यानं उठली. मरेस्तवर त्या वावराचं नाव तिनं माझ्यापुढं काढलं नाय.”

 आईला उठवणारं त्याचं ते वाक्य माझ्या शब्दावर उभं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं, पण तो तसं म्हणाला नाही. त्यानं मला स्टूल दिलं. मी थोडा वेळ बसलो.

ऑफिसात परत येऊन जुन्या फाइलींतून तो सर्व्हेचा फॉर्म काढला. उतार, खोली, दगडांचं प्रमाण, सगळं अचूक भरलेलं. शेवटी एक रकाना होता, खातेदाराचं म्हणणं. त्यापुढं, तिला न विचारताच, माझ्या अक्षरात लिहिलं होतं, “काही नाही.” खाली गजराबाईचा अंगठा.

त्यानंतर माझी सहा वर्षं नोकरी राहिली होती. त्या सहा वर्षांत प्रत्येक फॉर्मवर तो रकाना मी सगळ्यात आधी भरला, कधी कागद पुरला नाही तर मागच्या बाजूला लिहिलं. आमच्या धंद्यात एवढं शिकायला मला गजराबाईचं अख्खं वावर लागलं.