वानगीचे दोन दाणे

एम.एस्सी.चे पेपर महिन्यावर आले असताना मी नागपूरहून घरी आले आणि आई-बाबांसोबत कारंज्याहून एसटीने अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. बाबांचे डोळे पिवळे झाले होते. उजव्या बरगडीखाली हाताला गाठ लागत होती. आजोबा असेच गेले होते, मोठे काकाही. दोघांच्याही वेळी घरात 'कावीळ' एवढंच बोललं गेलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "घेतात का?"

आई चिडलीच. "आमी कांदा खात नाई, डॉक्टरसाहेब. दारू कायले घेतील हे?"

बाबा खाली बघून हसले.

मी नागपूरला शिकते हे कळल्यावर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. यकृताचा कॅन्सर होता, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. मग त्यांनी धंदा विचारला. आजोबा-काकांचं सांगून मी म्हटलं, तिघांचीही अडत. कापूस, तूर, शेंगदाणा. ते थांबले. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यातलं विष यकृताला बाधतं, असं अलीकडे लिहून येतंय, म्हणाले. हा रोग रक्तातूनही येत असेल. पण तिघांचं रक्त एक आणि अडतीची गादीही एक, त्यामुळे वेगळं काढता येणार नाही.

आईने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, औषध दिलंय.

परतीच्या एसटीत मी वही उघडून बसले. त्या आठवड्यात गणितातलं लिमिट सायकल वाचत होते. कागदावर कुठूनही निघा, आतून किंवा बाहेरून, वाट वळत वळत त्याच एका बंद वळणाजवळ येते आणि त्याच्याभोवती फिरत राहते. मधोमध ठेवलेला एक बिंदू तेवढा जागचा हलत नाही, पण जरा धक्का लागला की तोही निघतो. ते वळण समीकरणाचं असतं, निघणाऱ्याचं नसतं. आमच्या घरातलं समीकरण रक्तात होतं की पोत्यात? रक्तात असेल, तर मी कुठेही जाऊन काय उपयोग? पोत्यात असेल, तर मी सुटले. असं मनात आलं, आणि लगेच दुसरं काही आठवलं. मी वही मिटली.

शेतकऱ्याचं पोतं आलं की बाबा हात घालून वानगी, म्हणजे मालाचा नमुना, काढत. शेंग फोडत. एक दाणा स्वतःच्या तोंडात, दुसरा मांडीवर बसलेल्या माझ्या. जुना, ओल लागलेला माल जिभेलाच कळतो, म्हणत. आजोबांनी काकांना आणि बाबांना असंच शिकवलं होतं. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात जाईपर्यंत हे रोज चाललं.

तिसऱ्या दिवशी आई मंदिरात गेल्यावर बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"डॉक्टर ग्राउंडनट काहून म्हणत होता?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले.

"तेवढं मले समजते, बाई. बाजारभावाच्या तारेत रोज येते तो शब्द."

मग सांगावंच लागलं. बुरशीचं सांगितलं, रक्ताचं गाळलं. स्वतःबद्दल बाबांनी काहीच विचारलं नाही.

"तुले बी चारले ना म्या," ते म्हणाले. "कडू लागले की तोंड वाकडं करायची तू. मले हसू यायचं."

मला त्यांच्याकडे बघवेना. "मी थुंकून टाकायची, बाबा. गादीच्या मागे."

"खरं?"

"खरंच. तुम्ही शेतकऱ्याशी बोलत असायचे तेव्हा."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. "मंग बराबर," ते म्हणाले. "म्हणून तुले मालाची पारख आली नाई."

आणि हसले, अगदी दवाखान्यात हसले होते तसे.

ते गेल्यालाही आता काही महिने झालेत. थुंकायची म्हणाले ते खोटंच, असं मला तेव्हा पक्कं वाटत होतं. पण त्यानंतर मला गादीची मागची बाजू दिसू लागली आहे. तिथली फरशी, भिंतीशी पडलेली टरफलं, आणि वाकलेली मी. हे खरंच घडायचं की मी बोलल्यामुळे दिसतं, ते मला ठरवता येत नाही. जीभ मात्र तो कडवटपणा विसरलेली नाही. तो गिळल्यावर राहतो की थुंकल्यावर, हे विचारावं असा माणूस एकच होता.