रेघ वर गेली, पाणी खाली

वलगावहून अकोल्याला जायचं तर आधी ऑटोने बडनेरा गाठावं आणि सकाळची पॅसेंजर धरावी. तिकीट स्वस्त, जागाही मिळते. मी तरी तासभर आधीच पोचलो आणि खिशातलं तिकीट तीनदा चाचपलं. सोबत शेतशेजारी रशीदभाई होते. आलूबोंडा खात म्हणाले, "भाऊ, तुमाले पाहून गाडीलेच घाई सुटन."

जाण्याचं कारण माझी वही. गावच्या विहिरीत मी दर सोमवारी गाठी मारलेला दोर सोडतो आणि पाणी लागेपर्यंत किती गाठी कोरड्या गेल्या ते लिहितो. मागची पानं मात्र कधी उलटत नाही. अकोल्यातली एक संस्था त्या आकड्यांचं संगणकावर चित्र करत होती. ते शेतकऱ्याला कळतं का, हे पाहायला आम्हाला बोलावलं होतं.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर रशीदभाई म्हणाले, "कपाशीनं पार थकवलं. चित्रात पाणी वाढलं दिसलं तर विहीर खोदतो, संत्र्याची कलमं लावतो." एखादा आकडा चुकला असला तर? वही माझी होती.

अकोला स्टेशनबाहेरची कचोरी चांगली, पण तिखट. माझ्याने अर्धीच गेली.

संस्थेत नेहा नावाच्या पुण्याच्या मुलीने पडद्यावर निळी रेघ दाखवली. ती वर वर जात होती.

"बाप्पा, पाणी तं चढून राहिलं," रशीदभाई म्हणाले. नेहाने कागदावर 'समजलं' असं लिहून घेतलं.

मी सातवी शिकलेला, बोलावं कसं? दोन पेले पाणी प्यालो. मग विचारलं, "बाई, ही रेघ कायची?"

"तुमच्याच गाठींची, काका."

"कोरड्या गाठी वाढल्या म्हंजे पाणी खाली गेलं."

"काहून नाई बोलले पहिलेच?" रशीदभाई माझ्याकडे वळले.

नेहाने लिहिलेलं खोडलं आणि पेन माझ्या हातात दिला. "तुम्ही कसं काढाल?"

मी वर विहिरीचा काठ काढला, खाली सोडलेला दोर, तळाशी पाणी. तिने तसंच पडद्यावर केलं, दर वर्षाचा एक दोर. शेजारी शेजारी दोर लांबत गेले.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही बडनेऱ्याला परतलो. उतरताना रशीदभाई म्हणाले, "विहीर राहू द्या. पावसाच्या पाण्यावर तूरच पेरतो."

पुढच्या सोमवारी मी पुन्हा दोर सोडला. हल्ली रशीदभाई बांधावरून विचारतात, "आज किती?" मी आकडा सांगत नाही. हात खाली करून दाखवतो.